चौदा पॉइंटांचा मामा

भाच्याच्या लग्नपत्रिकेत मामाचं नाव केवढं असावं याचं एक शास्त्र आहे आणि उमरग्यात ते फक्त मला येतं, असा माझा समज आहे. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट मी लॅमिनेट करून बैठकीत लावलंय. त्यामुळे हायवेलगतच्या डीटीपीच्या दुकानात ताईला म्हणालो, "तू गप बस. हे मी बघतो."

ऑपरेटर माझाच जुना विद्यार्थी निघाला. वर्गात शेवटच्या बाकावर असायचा. आता माऊस त्याच्या हातात आणि मी मागच्या स्टुलावर. कोरल ड्रॉमध्ये आशीर्वाद, प्रेषक, व्यवस्थापक आणि किलबिल मिळून त्रेपन्न नावं दाटीवाटीनं बसली होती. त्यात मी नऊ पॉइंटांत.

"बारीक वाटतंय रे."

"समद्यांचंच नऊ हाय, सर."

समद्यांचं! तो चहा सांगायला बाहेर गेला तेवढ्यात मी माझ्या नावाचा कोपरा धरून ओढला. साइजच्या खिडकीत १३.८४७ असा आकडा आला आणि मी शेजारच्या आण्णांच्या डोक्यावर चढलो. पोरगा आल्या आल्या म्हणाला, "हातानं ओढू नका सर, वर आकडा टाका." टाकला. चौदा. पुढं 'प्रा.' होतंच. 'निवृत्त' मात्र जागेअभावी गाळलं.

खिळ्यांच्या छापखान्यात अशी ओढाताण नव्हती. खिळा बारा पॉइंटांचा तर बाराच. नाव मोठं हवं तर मोठ्या टाइपाची केस उघडायची, आणि तिच्यातले 'ळ' संपले असतील तर ज्याच्या नावात 'ळ' आहे त्यानं मुकाट लहान राहायचं. आणि पॉइंट म्हणजे तरी काय? इंचाचा ७२ वा भाग. पण इंग्रजीचे बारा पॉइंट ऐसपैस दिसतात आणि मराठीचे आखडलेले, यावर मी तासभर बोलू शकतो, बोललोच. अहो, हे माप नुसत्या अक्षराचं नसतं, अख्ख्या घराचं असतं. आपल्या अक्षराला तेवढ्यातच वर रफार, वेलांटी, मात्रा आणि खाली उकार बसवायचे असतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यासारखं, वर माळवद आणि खाली पेव. मग माणसांना राहायला उरतं किती? म्हणून इंग्रजीशेजारी मराठी दीड-दोन पॉइंट वाढवून ठेवावी. आणि दोन ओळींतलं अंतर आवळलं की खालच्या ओळीचं माळवद वरच्या ओळीच्या पेवात शिरतं, 'सूर्यवंशीं'चा रफार 'कुलकर्ण्यां'च्या उकाराला धडकतो.

पोरगा जांभई देत म्हणाला, "सर, ही 'कै.'ची ओळ बारीक करू का? सहा करतो. लई जागा खायलीय."

नवरी सास्तूरची. तिच्या नावाखाली पाच कैलासवासी होते आणि शेवटी 'यांची नात'. आजा, आजी, दोन चुलत आजे, एक चुलत आजी. मी म्हणालो, "एक आजा ठेव, बाकीचे काढ." पण विचारलेलं बरं म्हणून नवरीच्या वडलांना फोन लावला.

ते म्हणाले, "बारीक करा की सर, लागंल तेवढं करा. पाची राहू द्या म्हंजे झालं. एकाच दिवशी गेलीत."

तारीख विचारायची गरज नव्हती. ३० सप्टेंबर १९९३. सास्तूर तेव्हा आमच्याच तालुक्यात होतं. गणपती बोळवून माणसं निजली होती आणि पहाटे चारच्या आत भूकंपानं दगडामातीच्या भिंती आणि त्यावरची माळवदं खाली आली. माळवदाची उपमा मी मघाशी किती फुशारकीनं दिली होती.

"नऊच ठेव," मी म्हणालो.

"मग जागा कुठनं आणू?"

मी माऊस घेतला. टेक्स्टचं हत्यार निवडलं, माझं नाव निळं केलं, आकडा टाकला सात. पाची जणं बसली. पोरानं सगळं कर्व्ह केलं, म्हणजे आता ती अक्षरं उरली नाहीत, नुसती चित्रं झाली. मजकूर, फॉन्ट काही बदलता येणार नाही. फाइल सोलापूरला गेली.

आठवड्यानं तीनशे पत्रिका आल्या. ताईनं एक हातात घेतली, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

नाव निळं करताना माझ्याकडून 'प्रा.' सुटलं होतं. ते चौदाच राहिलं. मागं मी, सातात.

"दादा," ताई म्हणाली, "हे 'प्रा.' कुणाचंय?"