चित्रकाराचे ऋतू, तालुका राहुरी

चित्रकारानं डोंगरात झोपडी बांधावी आणि सहाही ऋतू रंगवत बसावं, असं सगळ्यांना वाटतं. विशेषतः ज्यांना त्याचं घरभाडं भरायचं नसतं त्यांना. निकोलस रोरिक 1928 मध्ये कुलू खोऱ्यातल्या नग्गरला स्थिरावला आणि 1947 मध्ये जाईपर्यंत हिमालय रंगवत राहिला. त्याच्या खिडकीसमोर हिमालय होता. राहुरीच्या पेंटरसमोर नगर-मनमाड रस्ता आहे. धूळ दोन्हीकडे पांढरीच. तिकडे तिला हिम म्हणतात.

ऋतू राहुरीतही आहेत, फक्त ते कालिदासाच्या यादीत नाहीत. लग्नसराईत दाराशेजारी गणपती आणि ‘शुभविवाह’. भाद्रपदात मूर्तींचे डोळे आखायचे. कारखान्याचं धुराडं पेटलं की ट्रॉल्यांच्या फाळक्यांवर ‘आईचा आशीर्वाद’. निवडणुकीचा ऋतू सगळ्यांत बेभरवशाचा: चिन्ह आधी काढून घेतात, पैसे निकालानंतर, आणि पडलेला उमेदवार सापडत नाही. फ्लेक्स आल्यापासून तर बारमाही दुष्काळच. 26 टीएमसीचं मुळा धरण तुडुंब भरलं तरी तो हटत नाही.

एकांतासाठी रानात खोपी टाकावी, तर उसात बिबट्या. तोही बिचारा एकांत शोधतच आलेला.

हल्ली फार्महाऊसवाले बोलावतात. भिंतीवर ‘इथलं काहीतरी अस्सल’ हवं असतं, म्हणजे वारली. वारली पालघरकडची, असं सांगून पाहावं. ते मान डोलावतात आणि दर पाडून मागतात.