नाना दिवे लावतात

आमच्या सोसायटीत कुणाच्या गाडीचं बोनेट उघडलं, की तिसऱ्या मिनिटाला नाना खाली हजर. बर्म्युडा, गंजीफ्रॉक, हातात चहाचा कप आणि पहिलं वाक्य ठरलेलं : "मी सांगतो." काय बिघडलंय हे तोवर गाडीमालकालाही कळलेलं नसतं. नाना पिंपरीच्या एका कारखान्यात ३८ वर्षं होते. कोणत्या खात्यात, असं विचारलं की ते विषय बदलतात. काकूंनी एकदा मेथी निवडता निवडता सांगून टाकलं : कॅंटीनचा हिशेब बघायचे.

दुसऱ्यांच्या गाड्यांवर हात साफ झाल्यावर गेल्या दिवाळीत नानांनी स्वतःच्या गाडीला हात घातला. कंपनीची १६ इंची चाकं काढून १७ इंची मॅगव्हील बसवली. जुनी चाकं टायरसकट हडपसरच्या एका गृहस्थांना विकली. "नव्याचे निम्मे पैसे सुटले," हे आम्हाला लिफ्टमध्ये, जिन्यात आणि एकदा एका तेराव्याच्या पंगतीतही ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. वाटीसारखा आकार, आत उद्गारचिन्ह. गाडी सुरू केली की मिनिटभर लुकलुकायचा, मग स्थिर व्हायचा.

खरं म्हणजे सगळं निदान त्या लुकलुकण्यात होतं. नुसती हवा कमी असली तर हा दिवा मुकाट्याने लागून राहतो. आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकला, तर गाडीचं म्हणणं असतं, की बाबांनो, हवेचं मला विचारू नका, चाकांकडून काही ऐकूच येत नाहीये. हे गाडीसोबतच्या पुस्तकात छापलेलं आहे. पण नानांचं पुस्तक अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, आणि ती पिशवी फाडणं म्हणजे त्यांच्या लेखी शरणागती.

"मी सांगतो. हवा!" नाना म्हणाले. ३३ होती ती ३६ केली. दिवा तसाच. मग ४०. गाडी बैलगाडीसारखी उडायला लागली आणि काकूंनी कंबर धरली. मग नायट्रोजन भरला. वायू बदलल्याचं दिव्याच्या गावीही नव्हतं. मग बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवली. त्याने घड्याळात बारा वाजले, रेडिओची सगळी स्टेशनं गेली आणि दिवा तेवढा राहिला. "काय दिवे लावलेत!" काकू म्हणाल्या. त्या नेहमी तसंच म्हणतात, पण या वेळी ते शब्दशः खरं होतं.

शेवटी कर्वे रोडच्या मागच्या गल्लीतला ऑटो इलेक्ट्रिशियन पोरगा आला. त्याने स्कॅनर लावला आणि एकच प्रश्न विचारला, "काका, जुनी चाकं कुठायत?"

त्याने समजावलं ते असं : प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या मागे, रिमच्या आतल्या बाजूला काडेपेटीहून लहान सेन्सर असतो. त्याला स्वतःचा नंबर असतो आणि तो आतली हवा मोजून रेडिओवरून गाडीला कळवत असतो. गाडी नोंद असलेल्या चारच नंबरांना ओळखते. "तुम्ही चार लेकी हडपसरला दिल्यात काका, आणि गाडी इथे रोज त्यांच्या फोनची वाट बघतेय."

नाना त्याच संध्याकाळी लेकी परत आणायला गेले. त्या गृहस्थांच्या गाडीला सेन्सर लागतच नव्हते. हवा उतरलेलं चाक किंचित लहान होतं आणि बाकीच्यांपेक्षा भराभर फिरतं; ती गाडी ब्रेकच्या यंत्रणेकडून तेवढा फरक ओळखते. म्हणजे नानांच्या चौघी तिथे उगाचच गरगरत होत्या. पण कुणी विकलेल्या चाकातून काहीतरी काढून मागतोय म्हटल्यावर ते गृहस्थ सावध झाले. चार सेन्सरांची त्यांनी सांगितलेली किंमत ऐकून नाना चहा न घेता परतले. नानांनी चहा सोडला, यावरून किंमत समजावी.

मग न्यू जर्सीचा भाचा मदतीला आला. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या गाडीला ही यंत्रणा सक्तीची आहे, हे नानांनी आम्हाला स्वतःच कायदा केल्याच्या थाटात सांगितलं. भाच्याने चकल्यांचे डबे भरून नेण्यासाठी रिकाम्या आणलेल्या बॅगेतून चार सेन्सर आणले. टायर पुन्हा उतरवले, सेन्सर बसवले, बॅलन्सिंग केलं. दिवा लुकलुकला. आकार बरोबर, आटे बरोबर, पण तिकडचे बरेच सेन्सर बोलतात ३१५ मेगाहर्ट्झवर आणि नानांची गाडी कान लावून बसलेली ४३३ वर. भाचा मात्र चकल्या घेऊन परत गेला.

तिसऱ्या खेपेला त्या पोरानेच योग्य सेन्सर आणले, स्कॅनरने नंबर नोंदवले आणि म्हणाला, "आता ४०च्या वर सलग वीस मिनिटं चालवा. गाडी त्यांना ओळखून घेईल."

पुण्यात! सलग! आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. अखेर पहाटे साडेचारला निघालो. नाना स्टिअरिंगवर, मी घड्याळ धरून. खेड-शिवापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडे दिवा विझला. नानांनी हात जोडले, दिव्याला की टोलनाक्याला ते कळलं नाही.

पुढचा आठवडा नाना अगदीच उतरले होते. सकाळी गाडी सुरू करायचे, डॅशबोर्डकडे बघायचे, बंद करायचे. काही नाही. शनिवारी मात्र मला हाक आली. दिवा! न लुकलुकता, सरळ लागलेला. मागच्या डाव्या टायरमध्ये बोटभर खिळा निघाला. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. नानांनी स्वतः जॅक लावून स्टेपनी चढवली : लोखंडी, १६ इंची, कंपनीने दिलेली. शेजारी चकचकीत मॅगव्हील, जणू सूट घालून पायात एक स्लीपर.

रविवारी सकाळी गाडी चालू झाल्याचा आवाज आला. गॅलरीतून बघितलं. दिवा लुकलुकत असणार, कारण नाना महिन्याभरात पहिल्यांदा शीळ घालत होते.

"नाना, स्टेपनीत सेन्सर नाहीये!" मी वरून ओरडलो.

"मी सांगतो," नाना म्हणाले आणि दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची वायर सोडायला वाकले.