बॅकअप आहे, असे सांगण्याची रीत

हौशी रेडिओवाल्याने रेडिओला इंटरनेटशी जोडणारा ऑलस्टार नोड चालू केल्यावर पाळायचे पहिले पथ्य म्हणजे बॅकअप घेऊ नये. रास्पबेरी पायमधले नखाएवढे मेमरी कार्ड लॉग लिहून लिहून झिजते, पण ते दुसऱ्यांचे, असे मानावे.

घरचे किंवा क्लबातले ज्येष्ठ फारच मागे लागले तर मात्र घ्यावा. अ‍ॅस्टरिस्क हे नोड चालवणारे, पण मुळात टेलिफोन एक्स्चेंजचे सॉफ्टवेअर. जिम डिक्सन (डब्ल्यूबी६एनआयएल) यांनी त्याला रिपीटर सांभाळायला लावले. त्यामुळे नोडचा जवळजवळ सगळा संसार ‘ईटीसी’खालच्या ‘अ‍ॅस्टरिस्क’ फोल्डरात, साध्या मजकुराच्या फायलींत मावतो. त्यांची एक टार फाइल करावी, तिला ‘फायनल_नवा_खरा’ असे नाव द्यावे आणि ती त्याच कार्डावर ठेवावी. कार्ड गेले की मूळ आणि नक्कल एकत्र जातात, मागे कुणी रडायला उरत नाही. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनच्या ओळी, नोडवर नजर ठेवणाऱ्या ऑलमॉनची मांडणी आणि स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेली ओळख या फोल्डरात नसेल, तर तिकडे बघूच नये. नोडचा पासवर्ड मात्र आत उघडाच असतो, तेव्हा टार फाइल सार्वजनिक रिपॉझिटरीत चढवावी. आपल्या नोड नंबराचा लाभ इतरांनाही व्हावा.

खरी करमणूक रिस्टोअरमध्ये आहे. कोऱ्या इन्स्टॉलमधला नमुन्याचा नोड स्वतःला १९९९ नंबराचा समजतो. त्याच्यावर जुना फोल्डर रूटच्या हक्काने डोळे मिटून ओतावा. ऑलस्टारच्या नव्या आवृत्तीत, म्हणजे एएसएल३मध्ये, अ‍ॅस्टरिस्क स्वतःच्या वेगळ्या खात्यावर चालते. फायलींची मालकी त्या खात्याकडे नसली तर त्या त्याला वाचता येतीलच असे नाही. मग दुपारभर राउटरवर नोडचे ४५६९ पोर्ट तपासत बसावे. शिवाय एएसएल३मध्ये नोंदणीसाठी वेगळी फाइल आहे आणि नोडची मांडणी असलेल्या आरपीटी फाइलीचा साचाही बदलला आहे. म्हणून जुन्या फायली जशाच्या तशा आणाव्यात, ओळ ओळ ताडून पाहण्याचा कंटाळवाणा मार्ग सोडून द्यावा. जुना पायही शेजारी चालूच ठेवावा. एकाच नंबरावर दोन यंत्रे आळीपाळीने नोंदणी करतात आणि कॉल कुठे जाईल ते देवही सांगू शकत नाही.

महिनाभर कान लावून जुळवलेली ऑडिओ लेव्हल कुठेही लिहून ठेवू नये. अमेरिकेत नियमाप्रमाणे दर १० मिनिटांत कॉलसाइन द्यावी लागते. ती फाटक्या आवाजात गेली तर सगळा जिल्हा तुम्हाला ओळखू लागेल.

एवढे झेपत नसेल त्यांनी दुसरे कार्ड आणावे, टारची प्रत घरातल्या वेगळ्या संगणकावर ठेवावी, जुना नोड बंद करून नव्या कार्डावर रिस्टोअर करावे आणि हातातल्या सेटवर स्वतःची ओळख ऐकू येते का ते पाहावे. फक्त हे काम क्लबच्या नेटच्या, म्हणजे रेडिओवरच्या बैठकीच्या, दिवशी करू नका.