बक्षिसाची वर्गणी

न काढलेल्या तिकिटाला पाच लाख पौंडांचे बक्षीस लागल्याची ई-मेल आली की सुशिक्षित माणूस आधी तिचे शुद्धलेखन तपासतो. अभिनंदनाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. खाली सही रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची, पण उत्तर पाठवायचे ते फुकटातल्या जीमेल खात्यावर. बोधचिन्हातला वाघ तर इतका पुसट की मांजर म्हटले तरी खपेल. मग तो पोटभर हसतो, 'काय बावळट लोक असतात' असे म्हणतो आणि ई-मेल उडवून टाकतो. या हसण्याबद्दल समस्त भामट्यांच्या वतीने त्याचे जाहीर आभार मानायला हवेत. नायजेरियातले ठग आपण नायजेरियाचे आहोत हे स्वतःहून का सांगतात, असा प्रश्न मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 साली एका निबंधात विचारला होता. त्यांचे उत्तर निव्वळ हिशेबाचे आहे. लाखो पत्रे पाठवायला खर्च जवळजवळ शून्य, खरा खर्च पुढे सुरू होतो. उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार करायचा, फोन करायचे, खोटी प्रमाणपत्रे बनवायची आणि एवढे करून तो शेवटच्या क्षणी शहाणा झाला तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून पत्रच असे लिहायचे की शंकेखोर मंडळी पहिल्याच ओळीत गळून पडावीत. त्या चुका म्हणजे चाळण आहे. आपण हसून बाजूला होतो, म्हणजे भामट्याचे निवडण-टिपण फुकटात करून देतो.

धंदा नवा नाही. फ्रान्समध्ये स्वतः चोर असलेला आणि पुढे पोलिसांत शिरलेला विदोक नावाचा गृहस्थ होऊन गेला. तुरुंगातले कैदी बाहेरच्या श्रीमंतांना कशी पत्रे धाडत, हे त्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लिहून ठेवले आहे. मजकूर साधारण असा : मी एका सरदाराचा सेवक, क्रांतीच्या धामधुमीत पळताना दागिन्यांची पेटी तळ्यात टाकली, आता तुरुंगात आहे, थोडे पैसे पाठवलेत तर पेटीचा पत्ता सांगतो. शंभर पत्रांपैकी विसांना उत्तर येई, असे विदोक म्हणतो. आजच्या कोणत्याही जाहिरात कंपनीने हेवा करावा असे हे प्रमाण आहे. तळ्याच्या जागी लंडनची बँक आली आणि पेटीच्या जागी 'विजेता ई-मेल पत्ता', बाकी मजकूर तोच. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या 419 कलमावरून या प्रकाराला जगभर 'फोर वन नाइन' म्हणतात. आपल्याकडे 420 होते, म्हणजे आपण एका आकड्याने पुढेच. जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा 318 व्या कलमात गेला. पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली पदवी बिचाऱ्या भामट्यांच्या हातून गेली, धंदा तेवढा राहिला.

तेव्हा शुद्धलेखनावरून चोर ओळखायची सवय सोडलेली बरी, विशेषतः आता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कृपेने उद्याची लॉटरी ई-मेल ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नसलेल्या मराठीत येईल आणि ज्यांची सारी भिस्त वेलांटीवर, त्यांची पंचाईत होईल. पाहायचे ते एवढेच, की पैसा कुठून कुठे चालला आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून चालते. तिच्या सोडतीत नशीब काढायचे तर आधी तिकीट काढावे लागते आणि बक्षीस लागले तर ते तिकीट दाखवावे लागते. मोठ्या बक्षिसावरचा तीस टक्के आयकर देणारा स्वतःच कापून घेतो आणि उरलेले हातात ठेवतो. सरकारला माणसाच्या खिशातून पैसे काढण्याचा इतका दांडगा अनुभव, पण बक्षिसाच्या आधी कर भरा असे तेही म्हणत नाही. ई-मेलवाले मात्र आधी प्रोसेसिंग फी मागतात, मग चलन बदलण्याचा खर्च, मग कस्टम्स, मग हा पैसा दहशतवाद्यांचा नसल्याचे प्रमाणपत्र. प्रत्येक हप्ता शेवटचा असतो. राहिली रिझर्व्ह बँक. ती तुमच्या-आमच्यासारख्यांची खाती उघडत नाही, बक्षिसे सांभाळत नाही आणि हे तिने वारंवार जाहीर केले आहे. वर परदेशी लॉटरीत भाग घेण्यासाठी पैसे बाहेर पाठवायला परकीय चलनाच्या नियमांनी बंदी आहे. म्हणजे लुबाडला गेलेला माणूस नियमभंगाचाही धनी होतो.

यावर एक चतुर युक्तिवाद असतो. लक्ष्मी टिळा लावायला आली असता तोंड धुवायला जाऊ नये, पंधरा-वीस हजार गेले तर गेले, खरे निघाले तर? या मंडळींनी पलीकडच्या 'मॅनेजर'ला एकदा विचारून पाहावे : साहेब, फी बक्षिसातूनच कापून घ्या ना! पाच कोटींमधून वीस हजार वळते करायला असा किती त्रास पडतो? उत्तरादाखल नियम, निधीचा विमा, मुख्यालयाचे धोरण असे बरेच काही ऐकायला मिळेल, कापून घेतो असे मात्र कुणीही म्हणणार नाही. कापायला पलीकडे काही नसतेच.

दुसरा आक्षेप नैतिक बाण्याचा : फसणारे लोभी असतात, भोगू द्या. फुकटच्या पैशाची आशा हा अवगुण असेल तर दिवाळी आणि गुढीपाडव्याला बंपर सोडत काढणाऱ्या सरकारलाही तो चिकटतो. आणि नुसत्या लोभावर हा धंदा चालत असता तर प्रत्येक पत्रात 'रक्कम हाती येईपर्यंत ही बाब गुप्त ठेवा' अशी ताकीद कशाला असती? घरातल्या सुनेला किंवा शेजारच्या जोशीकाकांना कळले तर पाच मिनिटांत फुगा फुटेल, हे पाठवणारा ओळखून असतो. पहिला हप्ता भरला की आशेइतकीच लाजही कामाला लागते. भरलेले बुडू नयेत म्हणून माणूस आणखी भरतो, आणि लोक हसतील म्हणून बोलत नाही. हसणारे आपण, पहिल्या परिच्छेदातले शुद्धलेखनपटू. त्या मुक्या माणसाकडे मग नवी ई-मेल येते : आम्ही फसवणूक निवारण कक्षातून बोलतो, तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, फक्त नाममात्र शुल्क भरा. फसलेल्यांची यादी त्याच टोळीच्या हाती असते.

'कौन बनेगा करोडपती'च्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पंचवीस लाखांच्या सिमकार्ड लॉटरीलाही पैसा कुठून कुठे चालला आहे, हीच कसोटी लावा. खऱ्या कार्यक्रमात त्या खुर्चीवर बसून प्रश्नांची उत्तरे देताना घाम फुटतो, इथे एकही प्रश्न नाही, अमिताभ बच्चन यांचा फोटो आहे आणि फोन 92 ने सुरू होणाऱ्या, म्हणजे पाकिस्तानी, क्रमांकावर करायचा आहे.

घरात कुणी पैसे भरून बसले असेल तर अक्कल काढण्याआधी 1930 हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक लावा. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे. तक्रार नोंदवायला प्रोसेसिंग फी पडत नाही.