डबीएवढा सर्व्हर, डोंगराएवढी चर्चा

घरून धंदा करणाऱ्याला सर्व्हर लागतो कशाला? टॅलीचा डेटा, जीएसटीची बिलं आणि गिऱ्हाइकांना धाडलेली कोटेशनं ठेवायला. त्यासाठी आधी माळ्यावरचा जुना पीसी खाली येतो. मग कोणीतरी शहाणा हिशेब मांडतो: चोवीस तास ८० वॉट म्हणजे वर्षाला ७०० युनिट. इंटेल एन१०० वाला मिनी पीसी सरासरी १० वॉट ओढत असेल, तर ८८ युनिटांत भागलं. हिशेब बिनतोड. इथे थांबायला हरकत नव्हती.

पण मालक आता अभ्यासाला लागलेले असतात. चार कोअर पुरतील का? रॅम १६ जीबी की ३२? लॅनची दोन पोर्टं नकोत? इंटेलने २०२३ मध्ये आपल्या एनयूसी या मिनी पीसींमधून अंग काढून घेतलं आणि तो वारसा एसूसकडे गेला, हेही तोंडपाठ. स्वतःच्या डेटाची शेवटची प्रत कधी काढली, तेवढं मात्र आठवत नाही.

अखेर डबी येते. टीव्हीमागे, पंख्याला वारा लागणार नाही अशा बेताने बसते. त्याच एक्स्टेन्शन बोर्डात मिक्सरची पिन. यूपीएस ‘दिवाळीनंतर बघू’. आणि बॅकअप? तो त्याच डिस्कवर, ‘बॅकअप न्यू फायनल २’ नावाच्या फोल्डरात सुखरूप!

तेव्हा मंडळी, प्रोसेसर कुठलाही घ्या. आधी यूपीएस आणि एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. आणि ती डिस्क त्याच टीव्हीमागे ठेवू नका.