आधी वाक्य पुरं करा

इंग्रजीत वाक्य पुरं की अपुरं, हे लांबीवर ठरत नाही. ‘गो.’ हे इवलंसं वाक्य पूर्ण, कारण आज्ञार्थात कर्ता अध्याहृत असतो. उलट ‘बिकॉज द बस, व्हिच वॉज ऑलरेडी लेट, ब्रोक डाउन निअर खंडाळा.’ यात कर्ता आहे, एक सोडून दोन क्रियापदं आहेत, घाटसुद्धा आहे. तरी अपुरं! ‘बिकॉज’ म्हटलं की मुख्य वाक्य यावंच लागतं, आणि ते बसबरोबर खंडाळ्यातच अडकलेलं.

असल्या वाक्याशेजारी अमेरिकेतले मास्तर समासात ‘फ्रॅग’ एवढंच लिहितात. म्हणजे ‘फ्रॅगमेंट’चाही तुकडाच. मायक्रोसॉफ्टच्या ‘वर्ड ९७’ने हे काम हिरव्या नागमोडी रेघेवर सोपवलं, पुढे रेघ निळी झाली, खोड तीच.

आपल्याकडचा खानदानी तुकडा म्हणजे अर्जाखालचं ‘थँकिंग यू’. कर्ता नाही, आणि ‘थँकिंग’ दिसायला क्रियापद असलं तरी एकट्याने वाक्य पेलणारं नव्हे. मूळचं मात्र ते चांगल्या घरातलं. जुन्या पत्रांत त्याच्यापुढे ‘आय रिमेन, सर, युअर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट’ असं लटांबर असायचं आणि खालच्या सहीपर्यंत सगळं मिळून एकच ऐसपैस वाक्य व्हायचं. पुढे आज्ञाधारक सेवक गळाला, ‘आय रिमेन’ म्हणणारा साहेबही राहिला नाही. ‘थँकिंग यू’ तेवढं पालीच्या तुटक्या शेपटीसारखं रजेच्या अर्जाखाली वळवळत राहिलं. त्याच्यापुढचा स्वल्पविराम अजून शाबूत आहे. कोणाची वाट पाहतो, त्यालाच ठाऊक.

तुकड्यावर इलाज तसा सोपा: मागच्या वाक्याला जोडा, नाहीतर ‘बिकॉज’ काढून टाका. उत्साही विद्यार्थी दोन्ही औषधं एकदम घेतो. ‘आय केम लेट, द बस ब्रोक डाउन.’ तुकडा गेला, पण दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने चिकटवली. या गुन्ह्याला ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात आणि त्याला वेगळा लाल शेरा मिळतो. आगीतून फुफाट्यात, तेही व्याकरणशुद्ध व्हायच्या नादात.

शेवटचा आधार डिकन्सचा. ‘ब्लीक हाउस’ १८५२ साली हप्त्याहप्त्याने छापून येऊ लागली. तिचं पहिलं वाक्य म्हणजे नुसतं शहराचं नाव आणि पूर्णविराम. मग चिखल, धुकं, धुक्यातले दिवे. असे तीन परिच्छेद मुख्य क्रियापदाशिवाय जातात आणि लंडनचं धुकं वाचणाऱ्याच्या नाकातोंडात जातं. तिथे कोणी ‘इज’ आणि ‘वॉज’ पेरत बसलं असतं, तर चार पानांत ऊन पडलं असतं.

हा दाखला वर्गात मात्र चालत नाही. डिकन्सने चौथ्या परिच्छेदात का होईना, ‘इज’ आणलंच, असं मास्तर ऐकवतात. आणि रजेचा अर्ज असतो एकाच परिच्छेदाचा.