रुसायला कोपरा

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत नव्या नवरीची मोठी अडचण कोणती, असं विचारलं तर लोक ओठांतल्या ओठांत हसून एकांताचं नाव घेतात. आमच्या धाकट्या मामीला हे मान्य नाही. तिच्या मते एकांताची सोय चाळ करत असे. आजीला अचानक शेजारच्या इमारतीतलं भजन आठवायचं, आजोबा गच्चीवर हवा खायला जायचे, मावशी मैत्रिणीकडे अभ्यासाला. कुणी कुणाला काही सांगत नसे, आणि गिरणगावातले निम्मे संसार असे न सांगताच मार्गी लागले. पण रुसलेल्या माणसासाठी कुणी बाहेर जात नाही. उलट, काय झालं ते बघायला बाहेरची चार माणसं आत येतात.

रुसायला कोपरा लागतो. लालबागच्या त्या खोलीत एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात पाण्याचं पिंप, तिसऱ्यात लोखंडी कपाट आणि चौथ्यात देव्हारा. मामी संगमेश्वराकडची. माहेरी पडवी, माजघर, मागे मांगर. तिथे रुसलेलं माणूस तिन्हीसांजेपर्यंत सापडत नसे. इथे लग्नाला जेमतेम पंधरवडा झाला असेल, बांगड्याच्या आमटीत तिरफळं किती घालायची यावरून तिचं आणि आजीचं वाजलं. मामी उठली आणि उरलेल्या एकमेव कोपऱ्यात, देव्हाऱ्याकडे तोंड करून बसली. तासाभराने आजी गॅलरीतल्या शेजारणीला कौतुकाने सांगत होती, "सून देवभोळी हो फार. आमटी झाकली नि जपाला बसली." मामीला हसू फुटलं. देवासमोर हसली म्हणून परत बोलणी बसली.

बाकीचे हाल नेहमीचेच होते. पाणी पहाटे अंधारात यायचं आणि कळशी अर्धी असताना जायचं. स्टोव्हला पिन मारायची तर ती नेमक्या जोराने मारावी लागे. कमी पडली तर काजळी, जास्त झाली तर पिन आतच मोडून बसायची आणि मग घरभर शांतता. हे सगळं मामी वर्षाच्या आत शिकली. शिकवलं कुणी नाही. चुकल्यावर सांगणारे मात्र पुष्कळ.

मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. मुंबईतल्या गिरण्यांचे अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉक्टर सामंतांच्या हाकेवर बाहेर पडले. आजोबांनी जन्म गिरणीत काढला होता. त्यांनी जाणत्या सुरात सांगितलं, "पंधरा दिवसांत मिटेल." थोरला मामा आणि धाकटा मामा दोघंही साचाखात्यात, त्यामुळे घरातले दोन्ही पगार एकाच दिवशी थांबले. मामीच्या पाटल्या होळीच्या आधी सराफाकडे गेल्या.

त्या काळच्या हलाखीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते खरं आहे. मामीची एक तक्रार मात्र माझ्या वाचनात कुठे आली नाही. ती म्हणते, "अगं, पुरुष घरात होते!" ती खोली मुळात पाळ्यांवर चालायची. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच्या वळकटीवर रात्रपाळीचा येऊन पडायचा. भोंगे बंद झाले आणि सगळी माणसं एकाच वेळी घरात. त्यांना काम नव्हतं, मतं होती. कांदा उभा चिरावा की आडवा, मोरी कशाने घासावी, यावर सभा भरायची.

पोटासाठी बायांनी काय काय केलं! साड्यांना फॉल लावले, पापड लाटले. खानावळवाल्यांची तर पंचाईतच झाली. त्यांना 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं होतं. पण जेवणारे गाळ्यातले गडी संप लांबला तसे गावाला निघून गेले. गिऱ्हाईकच गेलं. मामीने हे हेरलं आणि गिरणगावाबाहेरचं गिऱ्हाईक शोधलं: फोर्टातल्या एका ऑफिसचं कँटीन. डझनावर पोळ्या. कालनिर्णयच्या गेल्या महिन्याच्या पानामागे तिने हिशेब मांडला: किलोला तीस पोळ्या, इतकं पीठ, इतकं रॉकेल, इतकं तेल. त्याखाली एक ओळ, मजुरी.

आजीने विचारलं, "घरातल्या कामाची मजुरी कसली?"

"आई, तुमचे दोन मुलगे मजुरीसाठीच घरी बसलेत ना?"

आजीकडे याला उत्तर नव्हतं. तिने परात पुढे सरकवली. पण खरी गंमत पुढे झाली. एवढी कणीक मळता मळता मामीचे हात भरून यायला लागले, तेव्हा तिने एका सकाळी परात उचलली आणि मतं मांडत बसलेल्या धाकट्या मामासमोर ठेवली. बोलली काही नाही. साच्यावर राबलेले ते हात; पहिल्या दिवशी कणकेची अशी गत झाली की आजोबांनी तिला कापड म्हटलं. महिनाभरात मात्र कँटीनवाला पोळ्या मऊ झाल्याचं सांगू लागला. दार लोटून घ्यायचं, एवढीच मामाची अट. चाळीत दार लोटलं की अख्ख्या मजल्याला कळतं, हे तो विसरला होता.

आता नातेवाईक जमले की कुणीतरी गहिवरून म्हणतंच, "मामी, किती सोसलंत हो त्या वयात!" ती पटकन सांगते, "सोसलं कुठे? भांडले." मला तिचंच पटतं. सोसण्याचं कौतुक करणाऱ्यांनी पुढच्या सुनेकडूनही तीच अपेक्षा केल्याचं मी पाहिलं आहे. मामीने तिच्या सुनेला पहिली भेट काय दिली? स्वतंत्र बँक खातं. आणि तिरफळांचं प्रमाण, कागदावर लिहून, म्हणजे वाद नको.

तो संप आजतागायत रीतसर मागे घेतला गेलेला नाही. मामाची कणीकही सुटलेली नाही. दर रविवारी तोच मळतो, आणि पाणी कमी पडलं म्हणून मामी दर रविवारी बोलते.